शांघायचा ‘इस्रायल्स मेसेंजर’ घरबसल्या: एका वृत्तपत्र-संग्रहाचे परीक्षण

इस्रायलचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि तेल अवीव विद्यापीठ यांनी मिळून जगभरच्या जुन्या ज्यू वृत्तपत्रांचा एक संग्रह इंटरनेटवर उभा केला आहे. अभ्यासक त्याला ‘जे-प्रेस’ म्हणतात. अनेक देशांतली, अनेक भाषांतली शेकडो नियतकालिके त्यात आहेत. बहुतेक अंक वाचायला पैसे पडत नाहीत आणि खातेही उघडावे लागत नाही. एवढ्या मोठ्या संग्रहाबद्दल ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ असे सरसकट बोलण्यात अर्थ नाही, कारण पानांची अवस्था, छपाईचा दर्जा आणि अंकांची सलगता प्रत्येक नियतकालिकात वेगळी असते. म्हणून इथे एकच नियतकालिक घेतले आहे: शांघायहून इंग्रजीत निघणारे ‘इस्रायल्स मेसेंजर’. मुंबई-पुण्याच्या ज्यू इतिहासात रस असलेल्या मराठी वाचकाला या संग्रहातून सर्वांत जास्त हाती लागेल ते याच पानांतून, असे आमचे मत आहे.

निकाल आधीच सांगतो. अंक एकामागून एक उघडून वाचणाऱ्यासाठी ही सेवा उत्तम आहे. फक्त शोधपेटीत नाव टाकून उत्तर मिळवू पाहणाऱ्याची मात्र ती फसवणूक करते. ‘काही सापडले नाही’ असे पडद्यावर आले म्हणजे अंकात काही नाही, असा निष्कर्ष कधीही काढू नये.

संग्रह वापरण्याआधी या वृत्तपत्राचा इतिहास ठाऊक असायला हवा, कारण कुठे शोधायचे आणि कुठे शोधून उपयोग नाही हे त्यावरच ठरते. पहिला अंक २२ एप्रिल १९०४ रोजी, शुक्रवारी निघाला. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचे राष्ट्रीय घर उभारू पाहणाऱ्या झायनिस्ट चळवळीची इथली संघटना, शांघाय झायनिस्ट असोसिएशन, १९०३ची. पत्र तिचे मुखपत्र होते. संपादक निस्सिम एझ्रा बेंजामिन एझ्रा, अंकांत आणि इतरत्र बहुधा एन. ई. बी. एझ्रा. सुरुवातीला पत्र पाक्षिक होते, पुढे मासिक झाले. १९१० साली ते बंद पडले, १९१८ साली पुन्हा सुरू झाले आणि १९४१पर्यंत चालले. एझ्रा डिसेंबर १९३६मध्ये वारले. म्हणजे अखेरची जवळजवळ पाच वर्षे पत्र त्यांच्याविना चालले, आणि वाचताना ती वेगळी धरावी लागतात.

वाचक होते शांघायचे बगदादी ज्यू. त्यांची संख्या हजाराच्या आतबाहेर, पण व्यापारातले वजन प्रचंड. ही मंडळी बगदादहून थेट चीनला गेली नव्हती. वाटेत मुंबई होती. डेव्हिड सॅसून १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आले, आणि त्यांच्या मुलांनी व नोकरांनी पेढीचा व्यापार हाँगकाँग-शांघायपर्यंत नेला. शांघायमधले सर्वांत मोठे जमीनमालक म्हणून गाजलेले सायलस हार्डून मुंबईतच वाढले. अनेक वर्षे शांघाय झायनिस्ट असोसिएशनचे अध्यक्ष असलेले एली कदूरी सॅसूनांच्याच नोकरीतून पुढे आले. सर जेकब सॅसून यांनी मुंबईच्या फोर्टात वडिलांच्या स्मरणार्थ केनेसेथ एलियाहू सिनेगॉग बांधले (१८८४), आणि त्यांच्याच देणगीतून शांघायला पत्नीच्या नावाने ओहेल राचेल सिनेगॉग उभे राहिले (१९२०). मुंबईचे निळे सिनेगॉग पाहिलेल्या माणसाला या पत्रातल्या ओहेल राचेलच्या बातम्या परक्या वाटणार नाहीत.

या समाजाला वृत्तपत्राची सवयही हिंदुस्थानातच लागली होती. बगदादी ज्यूंचे ‘दोरेश तोव ले-अम्मो’ हे अरबी बोलीत, हिब्रू लिपीत, शिळाछापावर निघणारे पत्र १८५५ ते १८६६ या काळात मुंबईत चालले. त्यानंतर कलकत्त्याला १८७३पासून एकामागून एक अशीच पत्रे निघाली: ‘हा-मेवासेर’, ‘पेराह’, ‘मग्गीद मेशारीम’. शांघायचे पत्र त्याच परंपरेतले, फक्त पूर्णपणे इंग्रजीत. तोवर या कुटुंबांतल्या तरुण पिढीची लिहिण्या-वाचण्याची भाषा इंग्रजी झाली होती, आणि ज्यू प्रश्नावर इंग्रज व अमेरिकी वाचकांपर्यंत पोहोचण्याची पत्राला गरजही होती. या भाषेचा आजच्या वाचकाला फायदा होतो. हिब्रू लिपीतली पत्रे वाचायला शिकण्यात वर्षे जातात. इथे पहिल्या दिवसापासून काम सुरू होते.

आता प्रत्यक्ष वापर. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर वृत्तपत्रांचा विभाग उघडून भाषा इंग्रजी करून घ्यावी. नियतकालिकांच्या यादीतून ‘इस्रायल्स मेसेंजर’ निवडले की वर्षे आणि तारखा समोर येतात; तारखेवर टिचकी मारली की अंक उघडतो. पान मोठे करून वाचता येते. लेख वेगळा काढून पाहता येतो आणि यंत्राने त्याचा वाचलेला मजकूर बाजूला दिसतो. हे काम फोनवर करू नये. पान तीन-चार रकान्यांचे आणि अक्षर बारीक, त्यामुळे छोट्या पडद्यावर दर दोन ओळींनी पान सरकवावे लागते आणि रकाना चुकतो. किमान पंधरा इंची पडदा हवा.

सुरुवात शोधापासून करू नये. आधी एका वर्षाचे सगळे अंक नुसते चाळावेत. कोणता मजकूर कुठल्या पानावर येतो, स्थानिक बातम्या कुठे, परदेशच्या कुठे, वाचकांची पत्रे कुठे, जाहिराती कुठे, हे एकदा डोळ्याखालून गेले की पुढची वर्षे भराभर उरकतात. हे न करता सरळ नाव शोधणाऱ्याला वीस सुटे तुकडे मिळतात आणि त्यांतला एकही नीट कळत नाही.

शोधाची खरी अडचण यंत्रवाचनात, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरे संगणकाने ओळखण्यात आहे. जुनी छपाई खिळ्यांची. झिजलेल्या खिळ्यांचा ठसा अर्धवट उठतो, शाई पसरते, आणि पान बांधलेल्या खंडातून टिपले असेल तर शिवणीकडच्या ओळी वाकतात. यंत्र मग इंग्रजी ‘ई’ला ‘सी’ समजते, ‘एन’ला ‘यू’, आणि ‘आर’ व ‘एन’ लागून आले तर त्यांचा ‘एम’ करते. सॅसून या नावाच्या शेवटच्या ‘एन’चा ‘यू’ झाला की तो उल्लेख शोधात येतच नाही. ओळीच्या शेवटी शब्द तोडून पुढच्या ओळीत नेण्याची तेव्हाची रीत लांब नावांना सर्वांत जास्त मारते. मराठी वाचकाने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी भाषक ज्यूंची, आडनावे गावावरून आलेली, ‘कर’ने संपणारी आणि लांबलचक असतात. केहिमकर, नवगावकर, एरुलकर असे नाव ओळीच्या टोकाला तुटले की एकच नाव दोन निरर्थक तुकडे होऊन बसते. उपाय सोपा आहे: पूर्ण आडनावासोबत त्याचा पहिला अर्धा भागही शोधावा, आणि ‘बेने इस्रायल’ हा शब्दप्रयोग ‘बेनी’ अशा लेखनानेही, जोडरेघ देऊन व न देता शोधावा.

इंग्रजी मजकुरात मधेच येणारे हिब्रू शब्द या वाचनात निकामी होतात. सण, प्रार्थना किंवा थडग्यावरचा लेख शोधायचा असेल तर त्याचे इंग्रजी लेखनच शोधावे, तेही दोन-तीन प्रकारे.

यंत्रवाचनाची दुसरी चूक लेखांच्या तुकड्यांत दिसते. संग्रहात पान लेखांमध्ये विभागलेले आहे, पण रकान्याच्या तळाशी संपलेला लेख पुढच्या पानावर चालू असेल तर दुसरा भाग अनेकदा सुटतो, आणि एखाद्या छोट्या बातमीला शेजारच्या बातमीचा मथळा चिकटतो. सुटा लेख वाचून उतारा घेणे धोक्याचे. पूर्ण पान आणि पुढचे पान पाहूनच उतारा घ्यावा.

गावांची नावे आजच्या लेखनाने शोधली तर काहीच मिळणार नाही. युरोपातून आलेले ज्यू निर्वासित शांघायच्या ज्या भागात राहिले तो आज होंगकोउ म्हणून ओळखला जातो. अंकांत तो ‘हाँगक्यू’. ओहेल राचेल ‘सीमोर रोड’वर, बेथ अहरोन (१९२७) ‘म्युझियम रोड’वर. तियानजिनचे ‘टिन्टसिन’. बीजिंग १९२८पर्यंत ‘पेकिंग’ आणि त्यानंतर ‘पेपिंग’, कारण राजधानी नानकिंगला गेली आणि शहराचे नावच बदलले. इराकच्या बातम्या जुन्या अंकांत ‘मेसोपोटेमिया’ म्हणून येतात. इस्रायल हे देशाचे नाव १९४८पर्यंत नव्हतेच. देशाबद्दल शोधायचे तर ‘पॅलेस्टाइन’ हाच शब्द.

सर्वांत जास्त गोंधळ व्यक्तिनावांत होतो. ‘एझ्रा’ शोधले की संपादकाचे नाव जवळपास प्रत्येक अंकात भेटते, त्यामुळे हा शोध निरुपयोगी ठरतो. शिवाय शांघायमध्ये एडवर्ड एझ्रा नावाचे मोठे व्यापारी होते. नवखे लोक त्यांना आणि संपादकांना एकच समजतात. एडवर्ड एझ्रा १९२१च्या अखेरीस वारले, म्हणून त्यानंतरच्या वर्षांत हयात म्हणून आलेला एझ्रा ते नव्हेत, एवढी खूण पुरते. ‘सॅसून’बाबतही तसेच. एलियास डेव्हिड सॅसून १८६७ साली वडिलांच्या पेढीतून वेगळे झाले, तेव्हापासून ‘डेव्हिड सॅसून आणि कंपनी’ व ‘ई. डी. सॅसून आणि कंपनी’ या दोन स्वतंत्र, एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या पेढ्या होत्या. दोन्हींची कार्यालये मुंबईतही होती, शांघायतही. बातमीत नुसते ‘मेसर्स सॅसून’ असेल तर आद्याक्षरे पाहिल्याशिवाय ओळख पटवू नये. दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात मुंबईच्या गिरणीमालकांचे प्रतिनिधी म्हणून बसलेले सर व्हिक्टर सॅसून हे ‘ई. डी. सॅसून’ पेढीचे. त्यांनी आपला पैसा मुंबईतून शांघायकडे वळवला आणि १९२९ साली तिथे कॅथे हॉटेल उघडले.

तारखांबाबत एक हिशेब पाठ करून ठेवावा. ज्यू पत्रांत हिब्रू तारखाही येतात आणि लग्न, मृत्यू, सण यांच्या नोंदींत कधी कधी त्याच असतात. हिब्रू वर्षातून ३७६० वजा केले की जानेवारीपासून शरद ऋतूतल्या ज्यू नववर्षापर्यंतचे इसवी वर्ष मिळते. नववर्षापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखांसाठी ३७६१ वजा करायचे. पहिल्या अंकाची २२ एप्रिल १९०४ ही तारीख हिब्रू पंचांगात ७ इय्यार ५६६४. हा फरक न धरल्याने वंशावळी करणाऱ्यांच्या नोंदी एका वर्षाने चुकतात, आणि ती चूक पुढे कुटुंबाच्या झाडात पक्की होऊन बसते.

संग्रहाची चाचणी घ्यायची असेल तर ज्यांच्या तारखा पक्क्या आहेत अशा घटना घ्याव्यात. चीनचे क्रांतिकारी नेते सन यत-सेन यांनी २४ एप्रिल १९२० रोजी एझ्रा यांना पत्र लिहून झायनिस्ट चळवळीला पाठिंबा कळवला. आइनस्टाइन जपानला जाताना १३ नोव्हेंबर १९२२ रोजी शांघायला उतरले आणि परतताना ३१ डिसेंबरला पुन्हा आले. हार्डून जून १९३१मध्ये वारले. ईशान्य चीनमधल्या हार्बिन शहराचा तरुण पियानोवादक सेम्यॉन कास्पे याला ऑगस्ट १९३३मध्ये पळवून नेले आणि डिसेंबरात त्याचा मृतदेह सापडला. यांतली प्रत्येक घटना शोधताना तारखेची मर्यादा घटनेच्या दिवसापुरती ठेवू नये, पुढचे किमान तीन महिने धरावेत. पाक्षिक-मासिकात बातमी उशिरा येते, आणि पत्रे, भाषणे, छायाचित्रे तर कितीतरी नंतर, कधी वर्धापनदिनाच्या निमित्ताने पुन्हा छापली जातात.

रिकाम्या काळाबद्दल आता. १९१० ते १९१८ या खंडात १९११ची चिनी क्रांती, पहिल्या महायुद्धाचा बहुतेक काळ आणि पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंच्या राष्ट्रीय घराला ब्रिटनचा पाठिंबा कळवणारे २ नोव्हेंबर १९१७चे बाल्फोर जाहीरनामा-पत्र हे सगळे येते. या घटनांवर शांघायच्या ज्यूंची तत्काळ प्रतिक्रिया या पत्रात मिळणार नाही. मिळेल ती नंतरची आठवण. संग्रहातली वर्षांची यादी पाहून ‘इथले अंक हरवले’ असे समजणारे बरेच आहेत. अंक हरवलेले नाहीत, पत्रच बंद होते. जिथे एखाद-दुसरा अंक खरोखर नाही, तिथे ओळखण्याची रीत म्हणजे शीर्षाखालचा वर्ष-अंक क्रमांक. मागच्या आणि पुढच्या अंकाचे क्रमांक सलग असतील तर काही गेलेले नाही. सलग नसतील तर मधला अंक संग्रहात नाही. या संग्रहाने हे काम वाचकावर सोडायला नको होते. प्रत्येक वर्षाच्या यादीत ‘अंक उपलब्ध नाही’ आणि ‘अंक निघालाच नाही’ अशा दोन वेगळ्या खुणा असत्या तर कितीतरी चुकीची विधाने टळली असती. सेवेबद्दल आमची सर्वांत मोठी तक्रार हीच.

जाहिराती कोणी वगळू नयेत. संग्रहात जाहिरातींचे तुकडे वेगळे काढलेले आहेत, त्यामुळे हवे तर बाकीचा मजकूर वगळून नुसत्या जाहिरातींत शोध घेता येतो. ही सोय फार मोलाची आहे. वर्गणी अशा पत्रांना कधीच पुरत नाही. जाहिराती देणाऱ्या बँका, बोट कंपन्या, विमा कंपन्या आणि पेढ्या पत्र जिवंत ठेवत. कोण नियमित जाहिरात देते, कोण मधेच थांबते, कोणाचा पत्ता बदलतो, हे वर्षभर टिपले तर समाजाची आर्थिक घडी कळते, आणि ती अग्रलेखांत कधीच सापडत नाही. कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्याला दुकानाचा पत्ता बहुतेकदा इथेच मिळतो.

पत्र वाचताना ते कोणाचे आहे हे विसरू नये. ते झायनिस्ट संघटनेचे मुखपत्र होते आणि दीर्घकाळ एका माणसाच्या हाती चालले. शांघायमध्ये १९१७नंतर हार्बिनमार्गे आलेले रशियन ज्यू संख्येने बगदाद्यांच्या कितीतरी पुढे गेले, आणि १९३८ ते १९४१ या काळात जर्मनी-ऑस्ट्रियातून सुमारे १८ ते २० हजार निर्वासित उतरले. या दोन्ही समूहांचे जीवन या पत्रात दिसते ते प्रामुख्याने मदत देणाऱ्याच्या खिडकीतून: किती निधी जमला, कोणती समिती बसली, कुठे स्वयंपाकघर उघडले. निर्वासितांना त्या मदतीबद्दल काय वाटत होते हे इथे शोधू नये. चीनच्या कैफेंग शहरात शतकानुशतके राहत आलेल्या जुन्या ज्यूंबाबतही तसेच. त्यांच्या उद्धारासाठी शांघायच्या बगदाद्यांनी १९०० साली संस्था काढली आणि १९२४मध्ये ती पुन्हा जागी केली. पत्रात संस्थेचा उत्साह भरपूर भेटेल, कैफेंगच्या माणसांचा स्वतःचा आवाज क्वचितच. हा पत्राचा दोष म्हणून सांगत नाही. प्रत्येक समाजपत्र असेच असते, फक्त त्यावरून समग्र इतिहास लिहू नये.

दूरच्या बातम्यांबद्दलही सावध असावे. मुंबई, कलकत्ता, लंडन, न्यूयॉर्कच्या ज्यूंच्या बातम्या अशा पत्रांत बहुधा दुसऱ्या पत्रांतून उचललेल्या असत. मुंबईची एखादी बातमी इथे मिळाली तर तिचा मूळ स्रोत शोधावा. १९२३नंतरच्या बातम्या ज्युइश टेलिग्राफिक एजन्सीच्या मोफत संग्रहात ताडून पाहता येतात.

उतारे आणि नोंदी घेण्याबाबत आग्रहाचे सांगणे: पानाच्या वेबपत्त्यावर भिस्त ठेवू नका. हा संग्रह आधी स्वतंत्र संकेतस्थळावर होता, नंतर ग्रंथालयाच्या मुख्य संकेतस्थळावर आला. पुढेही बदल होतील. नोंदीत पत्राचे नाव, पूर्ण तारीख, वर्ष, अंक, पान आणि रकाना एवढे लिहावे. पानाचे चित्र जतन करताना फाइलचे नाव वर्ष-महिना-दिवस-पान या क्रमाने द्यावे, म्हणजे ती आपोआप कालक्रमाने लागतात. यंत्राने वाचलेला मजकूर तसाच चिकटवू नये. चित्र समोर ठेवून शब्द न् शब्द ताडावा, विशेषतः आकडे, कारण तिथे ‘३’चा ‘८’ सहज होतो आणि वाक्य वाचून तो कळतही नाही.

छापायचे असेल तर हक्कांचा हिशेब आपल्या देशाच्या कायद्याने करावा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. म्हणजे एझ्रा यांच्या स्वतःच्या लिखाणावरचा हक्क केव्हाच संपला आहे. दुसऱ्यांच्या सहीच्या लेखांसाठी त्या त्या लेखकाची मृत्युतारीख पाहावी लागेल. ग्रंथालयाने टिपलेल्या चित्रांच्या वापराच्या अटी वेगळ्या असतात. पुस्तकात पान जसेच्या तसे छापण्याआधी त्या वाचून घ्याव्यात.

कोणासाठी किती उपयोगी? सॅसून, कदूरी, हार्डून यांच्यावर काम करणाऱ्याला हा संग्रह टाळून चालणार नाही. मुंबई-पुण्याच्या बगदादी कुटुंबांची पाळेमुळे शोधणाऱ्यालाही भरपूर मिळेल, पण सलग वाचायची तयारी हवी. बेने इस्रायल समाजाच्या अंतर्गत इतिहासासाठी मात्र हे पत्र दुय्यम आहे. त्यासाठी मुंबईतून निघालेली मराठी आणि मराठी-इंग्रजी नियतकालिकेच पाहावी लागतात. १९११ ते १९१७साठी शांघायचे ‘नॉर्थ चायना हेरल्ड’ आणि लंडनचे ‘ज्युइश क्रॉनिकल’ वाचावे. डिसेंबर १९४१मध्ये जपानी सैन्याने शांघायची आंतरराष्ट्रीय वसाहत, म्हणजे परकीयांच्या कारभाराखालचा भाग, ताब्यात घेतली. त्याच्या आगेमागे आणि नंतरच्या काळासाठी निर्वासितांचे जर्मन ‘शांघाय ज्युइश क्रॉनिकल’ आणि रशियन ज्यूंचे ‘नाशा झिझ्न’ (१९४१ ते १९४६) यांच्याकडे वळावे. ‘नाशा झिझ्न’मध्ये रशियनबरोबर यिडिश आणि इंग्रजी पानेही असत, म्हणून जर्मन वा रशियन न येणाऱ्याने सुरुवात त्या इंग्रजी पानांपासून करावी.